डिटॉक्सबद्दल घरचे विचारतात ते प्रश्न

व्यसनमुक्ती केंद्रात येणारा पहिला फोन बहुतेकदा पिणाऱ्याचा नसतो. बायकोचा असतो, आईचा असतो, कधी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचा. ‘किती दिवसांत सुटेल हो?’ हा पहिला प्रश्न. त्याच्या पाठोपाठ जे प्रश्न येतात ते इथे घेतले आहेत. वाचण्याआधी एवढं लक्षात घ्या की दारूचा, गर्दचा (ब्राऊन शुगरचा) आणि झोपेच्या गोळ्यांचा डिटॉक्स वेगवेगळा असतो. शेजारच्यांच्या मुलाला जे लागू पडलं ते तुमच्या घरी लागू पडेलच असं नाही.

डिटॉक्स म्हणजे रक्त साफ करतात का?

नाही. रात्री प्यायलेली दारू यकृत स्वतःच मोडतं आणि साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत ती रक्तातून गेलेली असते. ती बाहेर काढायला काढा लागत नाही, आणि ‘डिटॉक्स’ असं लेबल लावून बाटलीत विकतात तो हिरवा रस तर नाहीच नाही.

खरी अडचण दारू शरीरातून गेल्यावर सुरू होते. दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू मग कामकाज चालू ठेवण्यासाठी उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत एका बाजूने अचानक दोर सोडला तर दुसरी बाजू कशी धाडकन मागे पडते, तसं दारू एकदम थांबली की होतं: हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते, कुणाला आकडी येते. या काळाला डॉक्टर विथड्रॉवल म्हणतात. औषधं देऊन, देखरेख ठेवून माणसाला त्यातून सुखरूप पार करणं म्हणजे डिटॉक्स. दारूसाठी त्याला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात.

प्रत्येक पिणाऱ्याला तो लागतो का?

नाही. सकाळी उठल्यावर हात कापतात का, ते थांबवायला सकाळीच प्यावी लागते का, पूर्वी कधी दारू बंद झाल्यावर आकडी आली होती का, भास झाले होते का, हे चार प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दारू तोडू नका.

ज्यांचं पिणं घातक झालंय पण शरीर अजून दारूवर अडून बसलेलं नाही, त्यांना अनेकदा समुपदेशनच पुरतं. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये अशा पुरुषांसाठी एक प्रयोग केला होता. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि तरी थोड्याच भेटींत फरक दिसला. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यामुळे ‘पितो म्हणजे करा भरती’ असं समीकरण मांडू नका.

श्रावणात महिनाभर शिवतही नाही. मग त्याला व्यसन कसं म्हणायचं?

हा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये हमखास येतो, आणि बरेचदा तो पिणारा स्वतः विचारतो. महिनाभर थांबूनही थरथर झाली नाही, झोप नीट लागली, तर शारीरिक अवलंबन तीव्र नाही एवढंच त्यावरून कळतं. व्यसन नाही असं नाही. गटारीला पोटभर पिऊन घेणं, श्रावण संपायला किती दिवस उरलेत हे तोंडपाठ असणं, आणि संपल्या दिवशी दुप्पट पिणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

उलटी गोष्ट जास्त काळजीची आहे. रोज दोन क्वार्टर पिणारा माणूस श्रद्धेने श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम बंद करतो आणि तिसऱ्या दिवशी घरच्यांना ओळखेनासा होतो. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी झालं. देवऋष्याकडे नेण्यात जे तास जातात, ते फार महाग पडतात.

दारू एकदम बंद केली तर नेमकं काय होतं?

शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, मळमळ, घाम, बेचैनी सुरू होते. आकडी येणार असेल तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना डिलिरियम होतो. माणूस कुठे आहे, कोणता वार आहे हे त्याला कळत नाही. भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, अंथरुणातून उठून पळतो. ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब वाढतो. हा वेडाचा झटका नाही. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. गर्द सोडताना माणूस जास्त तळमळताना दिसतो, पण जिवाला जास्त धोका दारू सोडताना असतो.

यावर औषधं आहेत आणि ती चांगली काम करतात. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, यकृत खराब असेल तर लोराझेपाम. डोस आधी पुरेसा देऊन मग रोज कमी करत आणतात. शिवाय थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. याबद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं. रोज पिणारा माणूस धड जेवत नाही, त्यामुळे शरीरातलं थायमिन संपत आलेलं असतं. अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चाल अडखळते, डोळे नीट फिरत नाहीत, पुढे नवीन काही लक्षातच राहत नाही. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन आणि मग ग्लुकोज. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना ‘हे रोज पितात’ हे सांगा, लाजू नका.

तीच गोष्ट अपघाताची आणि ऑपरेशनची. पाय मोडला म्हणून अस्थिरोग वॉर्डात भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री बरळायला लागतो, सलाईन उपटतो, आणि सगळे म्हणतात औषध चढलं. दारू थांबल्याला तीन दिवस झालेत हे कुणी धरलेलंच नसतं. भरतीच्या वेळी नातेवाइकांनी एक वाक्य सांगितलं असतं तर हे टळलं असतं.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकानं एका दिवसात बंद झाली, तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. केरळात तर सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला होता. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने तो थांबवला. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. विथड्रॉवलवर उपाय म्हणून चिठ्ठी द्यायची ती औषधाची.

मग घरी डिटॉक्स करताच येत नाही?

येतो, पण अटी आहेत. आधी कधी आकडी किंवा भास झालेले नसावेत. यकृत, हृदय, मधुमेह असा मोठा आजार नसावा. घरात चोवीस तास शुद्धीवर असणारं एक मोठं माणूस असावं, आणि गोळ्या त्याच्या ताब्यात असाव्यात. मनोविकारतज्ज्ञांनी तपासून औषधं लिहून दिलेली असावीत आणि रोज त्यांना दाखवता किंवा निदान फोनवर सांगता यावं. यातलं एखादंही जमत नसेल तर भरती बरी.

मेडिकलवाल्याकडून ‘झोपेची काहीतरी द्या’ म्हणून आणलेल्या गोळ्यांवर घरी दारू सोडवू नका. त्यावर दारू प्यायला तर श्वास मंदावतो, आणि दारू सुटलीच तर गोळी मागे लागते. खोलीत कोंडून ठेवणं हा डिटॉक्स नव्हे.

मुलगा गर्द ओढतो. ‘टर्की’ येते म्हणजे काय? तो मरेल का?

गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, भेसळीचं हेरॉइन. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत आधी जांभया येतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, अंगावर काटा येतो. मग हाडं ठणकतात, पोटात मुरडा येतो, उलट्या-जुलाब, झोप नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आठवडाभरात शरीर बरंचसं सावरतं, झोप मात्र पुढे कित्येक आठवडे रुसलेली असते. गर्द ओढणारी मुलं यालाच टर्की म्हणतात. तिची भीती इतकी असते की बरेच जण नशेसाठी ओढतच नाहीत, टर्की येऊ नये म्हणून ओढतात.

धडधाकट मुलगा टर्कीने सहसा मरत नाही. पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी फार गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ओआरएस, सलाईन, अंगदुखीवर आणि जुलाबावर औषधं देतात. क्लोनिडिन नावाची गोळी बरीच लक्षणं खाली आणते. तिने रक्तदाब उतरतो म्हणून तो मोजूनच पुढचा डोस द्यायचा. आणि ब्युप्रेनॉर्फिन, ज्याच्याबद्दल पुढचा प्रश्न आहे.

एक गोष्ट आईवडिलांना कुणी सांगत नाही. टर्कीत मुलगा जितका केविलवाणा दिसतो, तितका तो त्या दिवसांत मृत्यूच्या जवळ नसतो. तो जवळ जातो डिटॉक्सनंतर. दहा-पंधरा दिवस गर्द बंद राहिलं की शरीराची सवय उतरते. घरी आलेला मुलगा जुन्या मित्रांत जातो आणि पूर्वी जेवढं घ्यायचा तेवढंच घेतो. पूर्वी पचायचं, आता श्वास थांबतो. ओव्हरडोसचे मृत्यू याच काळात जास्त होतात: डिटॉक्सनंतर, तुरुंगातून सुटल्यावर, लांबच्या गावी मामाकडे महिनाभर ठेवून परत आणल्यावर. ओठ निळे पडलेत, श्वास फार सावकाश आहे किंवा घरघर लागलीये, हलवून जागा होत नाही, असं दिसलं तर १०८ ला फोन करा आणि ‘गर्द घेतलंय’ असं स्पष्ट सांगा. नॅलोक्सोन हे त्यावरचं इंजेक्शन आहे, पण डॉक्टरांना कारण कळलं तर ते वेळेत दिलं जाईल. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा.

एक नशा सोडवायला दुसऱ्या नशेची गोळी? हे कसलं औषध?

ब्युप्रेनॉर्फिनबद्दल हा आक्षेप वडील मंडळी फार जोरात घेतात. ही जिभेखाली ठेवायची गोळी मेंदूत हेरॉइनच्याच जागी जाऊन बसते, पण तशी किक देत नाही. टर्की थांबते, तलफ कमी होते, दिवसातून एकदा घेऊन माणूस कामावर जाऊ शकतो. ती देण्याची वेळ चुकवून चालत नाही: गर्द अंगात असतानाच दिली तर ती त्याला ढकलून बाहेर काढते आणि टर्की एकदम उसळते. म्हणून टर्कीची लक्षणं सुरू होईपर्यंत, साधारण बारा तास, थांबवतात.

काहींना ती आठवड्या-दोन आठवड्यांत कमी करत बंद करतात. काहींना महिने-वर्षं चालू ठेवतात. नाको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, सुईने नशा करणाऱ्यांसाठी ही औषधं मोफत देणारी केंद्रं चालवते, कारण सुई सुटली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी या दोन्हींची लागण कमी होते. माझं मत विचाराल तर, ज्याचा डिटॉक्स दोन-तीनदा होऊन पुन्हा पहिले पाढे पंचावन्न झालेत, त्याला चौथ्यांदा नुसता डिटॉक्स देण्यापेक्षा ही गोळी लांब पल्ल्यासाठी चालू ठेवणं शहाणपणाचं. मुलगा गोळीवर आहे पण जिवंत आहे, कामाला जातोय, यात कमीपणा काय आहे?

झोपेच्या गोळ्या, ‘बटन’, ‘कुत्ता गोळी’ यांचं काय?

अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम या गोळ्यांची ही गल्लीतली नावं. मालेगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या पोलीस कारवायांच्या बातम्यांत ती तुम्ही वाचली असतील. या गोळ्या आणि दारू मेंदूवर एकाच पद्धतीने काम करतात, म्हणून एकदम बंद केल्या तर आकडी येण्याचा धोका दारूसारखाच. इथे दहा दिवसांचा हिशेब विसरा. डॉक्टर सारख्या परिणामाच्या पण अंगात जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर आणतात आणि आठवड्याआठवड्याने डोस उतरवतात. कित्येक आठवडे, काहींना महिने लागतात.

हाच नियम त्या आजीलाही लागू आहे जिला कुणीतरी दहा वर्षांपूर्वी झोपेसाठी अर्धी गोळी लिहून दिली आणि जी आजही ती घेते. तिला कुणी व्यसनी म्हणत नाही. पण सुनेने ‘आता पुरे’ म्हणून डबीच लपवली तर व्हायचं तेच होईल.

एमडी आणि गांजा?

एमडी म्हणजे मेफेड्रोन, मुंबईत ‘म्याव म्याव’. २०१५ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, पण त्याने विक्री थांबलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यावर पडलेला छापा आठवत असेल. एमडी बंद झाल्यावर हातपाय कापत नाहीत. माणूस दोन-तीन दिवस झोपतो, खूप खातो आणि मग खोल उदासीत जातो. यावर नेमकं असं औषध नाही. त्या उदासीत आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून ‘झोपलाय ना, झोपू दे’ म्हणून एकटं सोडू नका.

गांजा बंद केल्यावर चिडचिड, भूक न लागणं, झोपेत विचित्र स्वप्नं असं दोन आठवडे चालतं. भरती सहसा लागत नाही. गांजाने कानात आवाज येत असतील किंवा संशय घेत असेल तर मात्र लागते.

तंबाखू, मिसरीही त्याच वेळी सोडवायची का?

जमलं तर उत्तम. नाहीच जमलं तर त्यावरून दारूचा डिटॉक्स मोडू देऊ नका.

चहातून न सांगता औषध देतात, ते देऊ का?

नका देऊ. एसटी स्टँडवरच्या भिंतींवर आणि आता मोबाइलवर ‘पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा’ अशा जाहिराती दिसतात. त्या पावडरीत काय असतं हे विकणाराही सांगत नाही. दवाखान्यातली जी गोळी अशी चोरून दिली जाते ती बहुधा डायसल्फिराम. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असणारा माणूस त्यात जाऊ शकतो. तिचा असर शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ही गोळी वाईट नाही. डिटॉक्स पूर्ण झाल्यावर, स्वतः माणसाने ‘मला धाक हवाय’ म्हणून समजून-उमजून घेतली तर तिचा उपयोग होतो. पण न सांगता ती देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ, आणि ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो तुमच्या हातचा चहा पिणार नाही.

माळ घातली की सुटते ना? आमच्या गावात कितीतरी जणांची सुटली.

सुटली आहे, मीही पाहिली आहेत अशी माणसं. माळकऱ्याला गावात दारू पाजायला कुणी धजावत नाही, संध्याकाळ हरिपाठात जाते, वर्षाला वारी ठरलेली असते. डिटॉक्सनंतर माणसाला जे लागतं ते सगळं त्यात आहे: नवी सोबत, भरलेली संध्याकाळ, चारचौघांत दिलेला शब्द. फक्त क्रम चुकवू नका. रोज खंब्यावर असलेला माणूस आज माळ घालून आजच दारू तोडत असेल तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या. माळेने इच्छा टिकते. आकडी थांबवायला गोळी लागते. महाराजांनाही हे सांगितलं तर पटतं.

तो तयारच नाही. रात्री उचलून नेणारी माणसं मिळतात म्हणे.

मिळतात. त्यांना बोलावू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जशी संबंधित मानसिक स्थितींचाही समावेश आहे. त्यानुसार मोठ्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध भरती करायचं तर नियुक्त प्रतिनिधीने, म्हणजे उपचाराबाबत त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाने, अर्ज करावा लागतो, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ हवा, आणि स्वतःला किंवा इतरांना इजा होण्यासारखी परिस्थिती असावी लागते. अशी भरती पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवसांची. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी, झोपेतून उचलून नेलेल्या माणसाच्या उपचाराची सुरुवात घरच्यांवरच्या रागाने होते. तो केंद्रातला सगळा वेळ तुमच्यावर सूड कसा घ्यायचा याचा विचार करण्यात घालवतो. तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या समुपदेशकाकडे जा. पैसे देणं, साहेबांना ‘ताप आलाय’ असं फोनवर सांगणं, उधाऱ्या फेडणं हे कसं थांबवायचं ते शिकून या. बरेच जण त्यानंतर दोन-तीन महिन्यांत स्वतःहून येतात.

केंद्र चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, ते आधी विचारा. मग विचारा: मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, रात्री नर्स असते का, आकडी आली तर कोणत्या रुग्णालयात नेता? या तिसऱ्या प्रश्नाला लगेच नाव सांगता आलं नाही तर तिथे दारूचा डिटॉक्स करू नका. वॉर्ड बघू देत नसतील, महिनाभर भेट आणि फोन दोन्ही बंद असेल, ‘शंभर टक्के गॅरंटी’ देत असतील तर उठून या.

सरकारी सोय तुच्छ मानू नका. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था, आणि केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर संस्था चालवतात ती केंद्रं, इथे उपचार मोफत किंवा फार कमी खर्चात होतात. आरोग्य विम्यावर भिस्त ठेवण्याआधी पॉलिसी नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये दारू आणि ड्रग्जच्या व्यसनावरचे उपचार वगळलेले असतात.

केंद्रात नेलं तर पोलीस मागे लागतील का?

उपचारासाठी आलेल्याची माहिती डॉक्टरांनी गुप्त ठेवायची असते. शिवाय १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल तर त्या गुन्ह्यापुरता त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. विक्रीच्या प्रकरणात अडकलेला असेल तर वकील गाठा.

पोटुशी बाई गर्द किंवा गोळ्या घेत असेल तर?

एकदम काहीही बंद करू नका. आईची टर्की पोटातल्या बाळाला झेपत नाही, गर्भपाताचा धोका असतो. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांनी मिळून औषध ठरवायचं असतं. बायकांना घरून आणणं पुरुषांपेक्षा अवघड जातं. त्यांच्यासाठी वेगळा वॉर्ड असलेली केंद्रंही मोजकीच आहेत. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं ‘निशिगंध’ हे त्यांपैकी एक.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणतो, मी बरा झालोय, घेऊन जा.

येणारच. चौथ्या-पाचव्या दिवशी थरथर थांबते, जेवण जायला लागतं, चेहरा उजळतो. त्याला खरंच वाटतं की झालं. तुम्हालाही वाटतं, कारण कित्येक वर्षांनी तो असा शुद्धीत बोलतोय. शिवाय दुकान बंद आहे, पगार कापला जातोय, मुलं विचारतायत. म्हणून घेऊन येतात, आणि महिन्याच्या आत परत फोन येतो.

डिटॉक्सने शरीर स्थिर झालं. संध्याकाळी सात वाजता पाय बारकडे का वळतात, पगाराच्या दिवशी काय होतं, बापाशी भांडण झालं की हात बाटलीकडे का जातो, याला डिटॉक्सने हातही लावलेला नसतो. ते काम आता सुरू होणार असतं, कारण पहिल्या आठवड्यात त्याचं डोकंच इतकं जड असतं की सांगितलेलं आत जात नाही. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली आणि १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथला उपचार आजही पस्तीस दिवसांचा आहे. त्यातले पहिले काही दिवसच डिटॉक्सचे. बाकी सगळे गटचर्चा, समुपदेशन, व्यायाम, स्वतःची कामं स्वतः करणं आणि घरच्यांशी बोलणं यांचे. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. वसई-वांद्र्याकडचे लोक १९८१ पासून चालू असलेल्या कृपा फाउंडेशनकडे जातात. पद्धती वेगळ्या असल्या तरी डिटॉक्स झाल्यावर लगेच घरी पाठवणं कुणीच पुरेसं मानत नाही.

फोनवर त्याच्याशी वाद घालू नका. ‘समुपदेशकांशी बोलते आणि सांगते’ एवढंच म्हणा आणि खरंच बोला. स्वेच्छेने भरती झालेल्याला बाहेर पडण्याचा हक्क आहे. गरज वाटली तर डॉक्टर तपासणीसाठी त्याला चोवीस तास थांबवू शकतात. ते चोवीस तास बरेचदा पुरतात.

एवढं करून परत प्यायला. सगळं पाण्यात गेलं का?

पाण्यात नाही गेलं, पण वेळ घालवू नका. दारूच्या बाबतीत वारंवार पिणं-सोडणं झालं की पुढचं विथड्रॉवल आधीच्यापेक्षा तीव्र होत जाण्याची शक्यता असते. पहिल्यांदा नुसती थरथर झाली असेल तर तिसऱ्यांदा आकडी येऊ शकते. म्हणून ‘मागच्या वेळी घरीच सोडली होती’ हा आधार धरू नका. एका संध्याकाळचं पिणं आणि महिनाभराचं पिणं यांत फरक आहे. पहिल्याच संध्याकाळी केंद्राला किंवा एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्यांचा आपसांतला आधारगट) गटातल्या त्याच्या सोबत्याला फोन गेला तर कित्येकदा पुन्हा डिटॉक्स लागतही नाही.

फोन कुठे करायचा, आणि काय सांगायचं?

आकडी, भास, बेशुद्धी, रक्ताची उलटी, श्वास अडकणं यांपैकी काही असेल तर १०८, किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं मोठं रुग्णालय. तातडी नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे जवळच्या केंद्राची माहिती मिळते. आत्महत्येचं बोलत असेल किंवा तुम्हालाच आता सहन होत नसेल तर १४४१६, टेली-मानस. मराठीत बोलता येतं.

फोन करण्याआधी कागदावर लिहून घ्या: काय घेतो, रोज किती, किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं, सोबत गोळ्या वगैरे काही, पूर्वी आकडी किंवा भास, यकृत-हृदय-मधुमेह, चालू औषधं. ‘शेवटचं कधी घेतलं’ याची वेळ तासात लिहा, नुसतं ‘काल’ लिहू नका. भरतीला जाताना त्याची सगळी जुनी औषधं पिशवीत घालून न्या, रिकामी पाकिटंसुद्धा.